भीती दारात आली तेव्हा तुम्ही आधी कुणाकडे धावलात? (अनुभव धागा)

आगमनकाळ सुरू झाला की आमच्या बुधवारच्या कॉटेज प्रार्थनेत, म्हणजे घरी जमून करायच्या प्रार्थनेत, बायबलातल्या यशया संदेष्ट्याचा सातवा अध्याय येतो, आणि दर वर्षी आम्ही घाईघाईने 'इम्मानुएल' या नावापाशी पोचतो. नाताळ तोंडावर आलेला असतो, मुलांची गाणी बसवायची असतात. या वेळी एका काकूंनी मध्येच विचारलं, "पण तो राजा एवढा घाबरला कशाने?" सगळा तास त्यातच गेला.

घाबरण्यासारखं होतंच. इ.स.पू. 734 च्या सुमाराची गोष्ट. यहूदाच्या, म्हणजे यरुशलेमेच्या राज्याच्या, गादीवर तरुण आहाज. अरामाचा राजा रसीन आणि इस्राएलाचा राजा पेकह, दोघं एक होऊन त्याच्यावर चालून आले. त्याला काढून आपल्या मर्जीतला माणूस बसवायचा त्यांचा बेत होता. बातमी आली तशी राजाची आणि लोकांची मनं रानातली झाडं वाऱ्याने हलावीत तशी हलली. वरच्या तळ्याच्या नळाशी, परटाच्या शेताच्या वाटेवर यशया त्याला भेटला. वेढा पडला तर पाणी पुरेल का, हे बघायला राजा तिथं आला असावा. यशया म्हणाला, सांभाळ, शांत राहा, भिऊ नकोस. हे दोघे म्हणजे विझत आलेल्या, नुसता धूर सोडणाऱ्या कोलितांची टोकं आहेत.

आहाजाने ऐकून घेतलं. पण केलं वेगळंच. देवाच्या मंदिरातलं आणि राजवाड्यातलं सोनंरुपं काढून अश्शूरच्या, म्हणजे त्या काळच्या बलाढ्य साम्राज्याच्या, राजाकडे पाठवलं, 'मी तुमचा दास, तुमचा पुत्र, येऊन मला सोडवा' असा निरोप देऊन. अश्शूरचा राजा आलाही. इ.स.पू. 732 मध्ये दिमिष्क, अरामाची राजधानी, पडलं, रसीन मारला गेला. वरवर बघितलं तर आहाजाचा डाव साधला. पण बायबलातल्या 'दुसरा इतिहास' या पुस्तकात स्वच्छ लिहिलंय की त्या राजाने आहाजाला बळ दिलं नाही, उलट छळलं. पुढे आहाज त्याला भेटायला दिमिष्कात गेला, तिथली एक वेदी त्याला दिसली, आणि त्याने तिचा नमुना पाठवून तशीच वेदी यरुशलेमेत करवून घेतली. मला हे फार लागतं. ज्याचा आधार घेतला त्याची वेदी घरात आली.

म्हणून हा धागा. तुमच्यावर भीतीची वेळ आली तेव्हा तुम्ही कुणाचा हात धरलात? नुसत्या चमत्काराच्या साक्षी नकोत. अश्शूरला निरोप धाडला असेल तर तेही लिहा, काय मोजावं लागलं तेही लिहा. ओळखीच्या काही जणांना मी मुद्दाम बोलावलंय, त्यातले सगळे ख्रिस्ती नाहीत. नावं नकोत, गाव पुरे.

संगमनेर तालुका, निवृत्त शिक्षक

ताई, तुम्ही बोलावलंत म्हणून लिहितो. बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली, खरं तेच लिहा.

आमचा आणि चुलतभावाचा बांध एकच. वडिलांच्या वेळेपासून त्या बांधावर तीन दगड आणि एक बोर. निवृत्तीच्या वर्षी कानावर आलं की भाऊ मोजणी आणणार आहे, आणि तालुक्यातल्या कुणाला तरी हाताशी धरून आमच्यात घुसणार आहे. कानावर आलं एवढंच. मी त्याला विचारलंसुद्धा नाही. महिनाभर झोप नव्हती. रात्री उठून सातबाऱ्याची फाईल काढायची, वाचायची, परत ठेवायची. रोज सकाळी मी शास्त्र वाचत होतो, प्रार्थना करत होतो, आणि मनात मात्र दुसराच हिशेब चालू होता.

शेवटी आमच्या भागातल्या एका वजनदार माणसाकडे गेलो. त्याला सगळे दादा म्हणतात. त्याने एका शब्दात सांगितलं, "सर, तुम्ही झोपा निवांत." आणि खरोखर, दुसऱ्या दिवशी त्याची चार पोरं आमच्या लिंबाखाली खुर्च्या टाकून बसली. भाऊ आठ दिवस शेताकडे फिरकला नाही. मी देवाचे आभार मानले. आज त्या आभाराची लाज वाटते.

मग पोरांचं चहापाणी, मग जेवण, मग गाडीचं डिझेल. मग रस्त्याकडेची तीन गुंठे जागा दादांना टपरीसाठी हवी झाली. नाही म्हणायची माझी प्राज्ञा नव्हती. आता मला भावाची नाही, दादांचीच भीती वाटत होती. त्यांच्या वाढदिवसाला गेटवर फ्लेक्स लागला. खाली शुभेच्छुकांत माझा फोटो, शाळेतल्या निरोप समारंभातला, हार घातलेला. आमच्या गेटच्या खांबावर संगमरवरी पाटी आहे, 'ख्रिस्त या घराचा धनी आहे'. वडिलांनी बसवलेली. फ्लेक्सची दोरी त्याच खांबाला बांधली होती आणि पाटी पूर्ण झाकली गेली होती. तुम्ही वेदीचं लिहिलंत ना, ते वाचून मी उठून बाहेर जाऊन आलो.

त्या रात्री बायकोने बोलून घेतलं. म्हणाली, "उद्या सकाळी आपण दोघं भावजींकडे जायचं. मधे कुणी नको." गेलो. वहिनींनी चहा टाकला. भाऊ बराच वेळ बोलला नाही, मग म्हणाला, "मला वाटलं तुझी पेन्शन, तुझ्या ओळखी, तूच मला उठवणार." तो माझ्याइतकाच घाबरलेला होता. आम्ही दोघांनी मिळून मोजणीचे पैसे भरले. बांध दोन फूट माझ्याच बाजूला सरकला, म्हणजे चूक माझीच होती, पिढीजात. दगड आम्ही दोघांनी उचलून नव्या जागी लावले. तीन गुंठे गेले ते गेले. टपरी अजून तिथंच आहे, रोज दिसते.

सोलापूर, परिचारिका

एप्रिल 2021. कोविड वॉर्डात रात्रपाळी. माझ्या मामांची वर ओळख होती, एका फोनवर माझी बदली ओपीडीला झाली असती. घरात लहान बाळ, सासूबाईंना दमा. मामा म्हणाले, "फक्त हो म्हण." मी दोन दिवस मागितले. दुसऱ्या रात्री ऑक्सिजनचा दाब उतरायला लागला, आम्ही तिघी सिलिंडर ढकलत होतो, आणि एका आजोबांनी माझा हातमोजा घट्ट धरला. सोडेनात. मी तेविसावं स्तोत्र म्हणत राहिले, पीपीईच्या आत, कुणाला ऐकू जाणार नाही असं. सकाळी मामांना नको म्हटलं.

पुढे मला कोविड झाला, सासूबाईंनाही झाला. दोघी वाचलो. आमच्या बरोबरची एक वाचली नाही, आणि तिचा विश्वास माझ्याहून मोठा होता. त्यामुळे मी विश्वासाने वाचले असं मी कधीच म्हणत नाही. त्या वॉर्डात मी एकटी नव्हते, एवढं मात्र मला ठाऊक आहे.

देहूजवळून, माळकरी

रामकृष्ण हरी. मी ख्रिस्ती नाही, पण ताईंचे यजमान आणि मी एकाच कंपनीत होतो. कंपनीतून कमी केलं तेव्हा घरी सांगायची भीती, म्हणून फोनवरच्या ॲपमधून कर्ज काढलं. ते फेडायला दुसरं ॲप, मग तिसरं. संध्याकाळी हरिपाठ चालू आणि खिशात फोन थरथरतोय. आमच्याकडे परंपरेने सांगतात की तुकोबांनी लोकांच्या कर्जाची खतं घेतली, भावाच्या वाटणीची भावाला दिली आणि आपल्या वाटणीची इंद्रायणीत सोडली. खतं लिहून देणारी ती माणसं तुकोबांची देणेकरी होती, आणि मी स्वतः देणेकरी. तरी घाटावर बसून मला त्याच गोष्टीने रडवलं. माझा विठ्ठल मला घरापासून लपवायला सांगणार नाही, हे तिथं कळलं. बायकोला सगळं सांगितलं, गाडी विकली, धमक्या आल्या त्या सायबर पोलिसांत दिल्या. अजून फेडतोय.

(धागा काढणारी)

दादा, तुमचं वाचून पंडिता रमाबाईंची आठवण आली. 11 मार्च 1889 ला त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी पुण्याला नेलं. पाठीशी कोण होतं बघा: बोस्टनच्या मंडळाने दहा वर्षं मदतीचा शब्द दिलेला, आणि इकडे सल्लागारांत रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं. 1893 मध्ये मुली ख्रिस्ती होतात म्हणून गदारोळ झाला, सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. ज्यांच्या नावावर समाजाने विश्वास ठेवला होता ती नावंच गेली. मग दुष्काळ आला तेव्हा याच बाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना, विधवांना घेऊन आल्या. दहा वर्षांची मुदत संपत आली होती आणि केडगावच्या माळावर माणसं वाढतच होती. रमाबाईंनी माणसांची मदत कधी नाकारली नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. त्यांनी विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना चालवला. पण मदतीच्या अटीवर त्यांनी आपला देव बदलला नाही.

छत्रपती संभाजीनगर, एका मुलीचे वडील

मी उलट बाजूने लिहितो.

मुलगी नऊ वर्षांची असताना तिला टाइप वन मधुमेह निघाला. रोज इन्सुलिन. तिच्या पोटाला सुई लावताना माझेच हात कापायचे. त्या काळात एक उपदेशक भेटले, मोठ्या सभा घेणारे. ते म्हणाले, सुई म्हणजे मिसराचा, इजिप्तचा, आधार आहे, टाकून द्या, पूर्ण विश्वास ठेवा. मदतीसाठी मिसराकडे जाऊ नका असं सांगणारे अध्याय ते वाचायचे, यशयाचा तिसावा आणि एकतिसावा. मी टाकून दिली. दोन दिवसांत मुलगी उलट्या करायला लागली, श्वास जोरजोरात, तोंडाला गोडसर वास. बायको माझ्याशी भांडून रिक्षात घालून तिला घेऊन गेली. आयसीयूत चार दिवस. ती वाचली, तिच्या आईमुळे.

आज मुलगी कॉलेजात आहे, स्वतःची सुई स्वतः घेते. मला तिने कधी एक शब्द बोलून दाखवला नाही. मी इतकंच सांगतो की मी देवावर भरवसा ठेवला नव्हता. मी त्या माणसावर ठेवला होता. तोच माझा अश्शूर होता, आणि त्याच्या हातात शास्त्र होतं.

(धागा काढणारी)

दादा, हे लिहायला किती बळ लागलं असेल. ज्या यशयाने मिसराकडे जाऊ नका म्हटलं, त्यानेच हिज्कीया राजा मरणाला टेकला तेव्हा गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितला. अडतिसाव्या अध्यायात आहे. त्या माणसाने तुम्हाला ते पान वाचून दाखवलं नाही.

लोद, इस्राएल

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली ज्यू, अलिबागची. ताईचे वडील बदलीवर आले तेव्हा आमच्या शेजारी राहायचे. ती तेव्हा फ्रॉकात. आता माझी नातवंडं सैन्यात आहेत आणि मला मावशी म्हणणारं मराठीत फारसं कुणी उरलं नाही, म्हणून ताई, तू बोलावलंस त्याचा आनंद झाला.

तुझ्या त्या पाण्याच्या नळाविषयी सांगते. आहाजाचा मुलगा हिज्कीया. त्याच जागी, वरच्या तळ्याच्या नळाशी, पुढे अश्शूरचा सरदार येऊन उभा राहिला आणि ओरडला, मिसरावर टेकशील तर तो ठेचलेला बोरू आहे, हातात घुसेल. बापाने बोलावलेला पाहुणा मुलाच्या दारात. इ.स.पू. 701. हिज्कीयाने आधी त्याला तीनशे किक्कार (त्या काळचं वजन) रुपं आणि तीस किक्कार सोनं दिलंही होतं, मंदिराच्या दारांचा पत्रा सोलून. तरी तो आलाच. मग धमकीचं पत्र आलं तेव्हा हिज्कीया ते घेऊन मंदिरात गेला आणि देवापुढे उलगडून ठेवलं. मला तो कागद उलगडणारा हात दिसतो.

हिज्कीयाने खणवलेला भुयारी पाट यरुशलेमेत अजून वाहतो, 533 मीटर. गीहोनच्या झऱ्यापासून शिलोहाच्या तळ्यापर्यंत. दोन टोकांकडून खणत आले आणि मधे एकमेकांचे आवाज ऐकून भेटले, असं तिथल्या दगडावर कोरलेलं होतं. तो दगड आता इस्तंबूलला आहे. धाकट्या नातवाबरोबर मी त्यातून चालले, गुडघे दुखत असताना. सुरुवातीला पाणी मांडीपर्यंत, मग पोटरीला. भिंतीवर छिन्नीचे घाव हाताला लागतात. मधे कुठेतरी नातवाने बॅटरी विझवली. मी ओरडले नाही. पाण्याला आवाज नव्हता, पण पायाला ते सारखं लागत होतं, पुढे जाणारं. यशया म्हणतो ना, या लोकांनी शिलोहाचं संथ पाणी नाकारलं, म्हणून आता महानदाचा, म्हणजे अश्शूरचा, पूर गळ्यापर्यंत येईल.

सायरन वाजला की मी ममादमध्ये जाते, जाड भिंतीच्या खोलीत. दार ओढते आणि तेहिलीम, म्हणजे स्तोत्रं, म्हणते. तटबंदी, हौद, भुयार केलं म्हणून यशयाने कुणाला दोष दिला नाही. बाविसाव्या अध्यायात तो म्हणतो, तुम्ही दोन तटांमधे हौद केलात, पण ज्याने हे सगळं योजलं त्याच्याकडे बघितलं नाहीत. संकट टळलं की आम्ही घरी मलिदा करतो, पोहे, नारळ, गूळ, एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलिया संदेष्टा, याच्या नावाने. मागच्या वेळी नारळ मिळाला नाही तेव्हा सुक्या खोबऱ्यावर केला.

पुणे

सगळ्यांचं वाचते आहे. दीड वर्षापूर्वी यजमान गेले. दीर फ्लॅट विकायला लावतायत, रात्री फोन येतात. ऑफिसातल्या एकाने एक नंबर दिलाय, "एक फोन कर, परत कुणी त्रास देणार नाही." नंबर कागदावर लिहून शास्त्रात ठेवला होता, आज कळलं की तो यशयाच्याच पानांत होता. कागद तसाच आहे. मोफत कायदेशीर सल्ला न्यायालयात मिळतो असं ऐकलंय, सोमवारी तिथे जाणार आहे.

ताई, बुधवारी मी आले तर चालेल का? बोलता येईलच असं नाही.