शब्दचर्चा: चकमक, एन्काउंटर आणि जाब

प्रश्न

पोलिसांच्या गोळीने मरण पावलेल्या व्यक्तींच्या कुटुंबीयांनी न्यायालयात केलेले अर्ज आणि त्यांवरील निकाल यांचे मराठी सारांश तयार करण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. दोन ठिकाणी अडलो आहे. ‘एन्काउंटर’साठी सरसकट ‘चकमक’ लिहावे का? वर्तमानपत्रांनी हा शब्द इतकी वर्षे चालवला आहे, तेव्हा घोळ घालू नये, असे माझ्या सहकाऱ्याचे म्हणणे आहे. दुसरी अडचण अशी की कुटुंबीय जे मागत असतात त्याला ‘उत्तरदायित्व’ म्हणावे की ‘जबाबदारी’? ‘पोलिसांची जबाबदारी निश्चित करावी’ असे लिहिले की ते बंदोबस्ताच्या वाटपाचे परिपत्रक वाटू लागते.

प्रतिसाद १

‘चकमक’ मूळचा तुर्की. ठिणगी पाडणे हा त्याचा अर्थ, आणि तुर्कस्तानात आजही खिशातल्या लायटरला जवळपास हाच शब्द आहे. आपल्याकडे आधी चकमकीचा दगड आला, आणि दगडावर पोलाद आपटून ठिणगी उडते तशी दोन तुकड्यांत झडते ती चकमक, हा अर्थ त्यामागून आला. हिंदीत ‘चकमक’ गारगोटीपुरताच राहिला आणि पोलिसी प्रसंगासाठी ‘मुठभेड़’ रुजला. मराठीने लढाईच्या बखरीतला शब्द पोलीस ठाण्यात नेला.

परंतु व्युत्पत्तीपेक्षा व्याकरण अधिक बोलके आहे. ‘चकमक’ला ‘भांडण’ किंवा ‘लढाई’प्रमाणे दोन बाजू लागतात: अमक्याची पोलिसांशी चकमक झाली, दोघांत चकमक उडाली. ‘पोलिसांनी त्याची चकमक केली’ असे मराठीत म्हणताच येत नाही. ‘पोलिसांनी त्याचा एन्काउंटर केला’ हे वाक्य मात्र रस्त्यावर रोज ऐकू येते आणि कोणाला खटकत नाही. या वाक्याची घडण ‘त्याचा खून केला’ या वाक्याची आहे, किंवा मुंबईच्या गुन्हेगारी बोलीतल्या ‘त्याचा गेम केला’ची. म्हणजे इंग्रजीतून उसना घेतलेला जो शब्द तिकडे ‘गाठ पडणे’ एवढाच निरुपद्रवी अर्थ सांगतो, त्याला मराठी माणसाने कर्ता आणि बळी दोन्ही जोडून दिले. बोलणाऱ्याला नेमके काय घडले असे वाटते, ते त्याच्या विभक्तीतून कळते. बातमी लिहिणारा ‘चकमकीत ठार’ लिहितो तेव्हा कर्ता पुन्हा नाहीसा होतो.

प्रतिसाद २

वरील मुद्दा पटतो, तरी एक सावधगिरी हवी. समोरून खरोखर गोळ्या आल्या असतील तर ‘चकमक’ हाच योग्य शब्द आहे, आणि तेथे ‘खून’ लिहिणे हा दुसऱ्या बाजूचा आततायीपणा होईल. प्रश्न एवढाच की चकमक झाली हे ठरवणार कोण. पोलिसी कागदांत ते पहिल्याच दिवशी ठरलेले असते. गोळी झाडणारे पथक स्वतःच फिर्यादी होते, मेलेल्या माणसावर खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल होतो, आणि तो ‘यातील मयत आरोपी’ झाल्यामुळे खटला तेथेच संपतो. ज्यांचे माणूस गेले त्यांना या कागदात जागाच नसते. ते फिर्यादी नसतात आणि साक्षीदारही नसतात. त्यांना अर्जदार किंवा याचिकाकर्ते होऊन बाहेरून दार ठोठवावे लागते.

लखनभैया (रामनारायण गुप्ता, टोळीशी संबंधाचा संशय असलेला माणूस) प्रकरणाच्या निकालांचा सारांश आपल्या कामात असेलच, नसल्यास घ्यावा. ११ नोव्हेंबर २००६ रोजी त्याला वाशीतून उचलले आणि त्याच रात्री वर्सोव्यात नाना-नानी पार्कजवळ चकमकीत तो ठार झाल्याचे जाहीर झाले. त्याचा भाऊ पेशाने वकील होता, आणि भावाला उचलल्याचे कळताच त्याने त्याच दुपारी अधिकाऱ्यांना तारा पाठवल्या होत्या. तारेवर वेळ छापलेली असे. ज्या माणसाशी रात्री ‘अचानक गाठ पडली’, तो दुपारीच ताब्यात असल्याची तक्रार कागदावर होती! पुढे दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने चकमकीची कहाणी नाकारली, २००९ मध्ये उच्च न्यायालयाने गुन्हा नोंदवून विशेष पथकाकडून तपास करण्याचा आदेश दिला, आणि जुलै २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने २१ जणांना जन्मठेप सुनावली, त्यांतले १३ पोलीस होते. मधल्या काळात, मार्च २०११ मध्ये, सोबत उचललेला मुख्य साक्षीदार साक्षीच्या तोंडावर बेपत्ता झाला आणि नंतर त्याचा मृतदेह सापडला. १९ मार्च २०२४ रोजी उच्च न्यायालयाने १२ पोलिसांसह १३ जणांची शिक्षा कायम केली, सहा जणांना सोडले, आणि सत्र न्यायालयाने निर्दोष ठरवलेल्या माजी पोलीस अधिकाऱ्यालाही दोषी धरले. त्या निकालाविरुद्धचे अपील पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले.

आपल्या प्रश्नाशी थेट संबंध असलेली गोष्ट २०११ मधली आहे. याच प्रकरणातील आरोपी पोलिसांचा जामीन रद्द करण्याचा उच्च न्यायालयाचा निर्णय कायम ठेवताना सर्वोच्च न्यायालयाने ‘एन्काउंटर’ हा शब्द अवतरणचिन्हांत घातला आणि त्याच्या नावाखाली माणसे मारणाऱ्या पोलिसांची फासाशी गाठ आहे, अशा आशयाचे बजावले. अवतरणचिन्हे ही न्यायालयाची शब्दचर्चाच होय. सारांशात ती गाळू नयेत. निकाल लागेपर्यंत ‘कथित चकमक’ आणि न्यायालयाने ठरवल्यावर ‘बनावट चकमक’ लिहावे. ‘फेक एन्काउंटर’ला ‘खोटी चकमक’ही म्हणतात, पण ‘बनावट’मध्ये कोणीतरी ती बनवली हे येते, म्हणून तो शब्द मला अधिक नेमका वाटतो.

प्रतिसाद ३

‘उत्तरदायित्व’ हा शब्द शासन निर्णयांतून फिरतो, पण आजवर कोणत्या आईने तो उच्चारला असेल असे वाटत नाही. अशा घरांतले लोक म्हणतात, ‘आम्हाला जाब पाहिजे.’ हा शब्द नीट उलगडून पाहावा. जाब, जबाब आणि जबाबदार ही तिन्ही रूपे अरबी ‘जवाब’ची आहेत. पोलीस घरी येतात ते जबाब घेण्यासाठी. बोलायचे घरच्यांनी आणि लिहून घ्यायचे हवालदाराने. घरचे लोक ठाण्यात जातात ते जाब विचारण्यासाठी. शब्द एकच, विचारणारा बदलला. ‘जबाबदारी’ याच्याच पुढची, पण कचेरीत राहून राहून तिचा अर्थ ‘सोपवलेले काम’ एवढाच उरला, म्हणून तुम्हाला परिपत्रकाचा वास आला. मी ‘जाब’ लिहीन.

आणि जाब विचारण्याची कायदेशीर वाट महाराष्ट्राच्याच प्रकरणातून निघालेली आहे, हेही सारांशात असावे. १९९५ ते १९९७ या काळात मुंबईत झालेल्या ९९ चकमकी आणि त्यांतले सुमारे १३५ मृत्यू यांवरून ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज’ने लढवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी सोळा सूचना दिल्या. तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करावा, मृताच्या जवळच्या नातलगाला लवकरात लवकर कळवावे, शौर्य संशयातीत ठरेपर्यंत पदक किंवा बढती देऊ नये, आणि ही पद्धत पाळली गेली नाही असे वाटल्यास नातलगांना सत्र न्यायाधीशांकडे तक्रार करता यावी, या त्यांतल्या काही. बरोबर दहा वर्षांनी, २३ सप्टेंबर २०२४ रोजी, बदलापूरच्या शाळेतील बालिकांवरील अत्याचार प्रकरणातील आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला, आणि त्याच्या आईवडिलांना उच्च न्यायालयात जावे लागले. त्याच्यावरचा आरोप अत्यंत किळसवाणा होता. पण जाब आरोपाबद्दलचा नव्हता, गोळीबद्दलचा होता.

प्रश्नकर्ता

‘जाब’ घेतो. ‘चकमक’बाबत कथित आणि बनावट हा भेद पाळतो. संपूर्ण संग्रहाच्या शीर्षकासाठी मात्र ‘पोलीस गोळीबारातील मृत्यू’ असे तटस्थ नाव योजले आहे. चालेल ना?

प्रतिसाद १

अर्थाने चालेल, पण वाचक चुकेल. मराठीत ‘पोलीस गोळीबार’ म्हटले की जमाव डोळ्यांसमोर येतो: संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातले फ्लोरा फाउंटन, ११ जुलै १९९७ चे घाटकोपरचे रमाबाई आंबेडकर नगर, जेथे दहा माणसे गेली, किंवा ९ ऑगस्ट २०११ चे मावळ, जेथे पवनेच्या जलवाहिनीला विरोध करणारे तीन शेतकरी गेले. एकट्या, नाव घेऊन गाठलेल्या माणसासाठी कोणी ‘गोळीबार’ म्हणत नाही. ‘पोलिसांच्या गोळीने मृत्यू’ लिहावे. आपल्या प्रश्नाच्या पहिल्या ओळीत आपण तेच लिहिले आहे.