मदत हवी आहे: परदेशात नवीन शहर, नवीन सोबतीण. जुळवून कसं घेऊ?

नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढते आहे. लांबला तर सांभाळून घ्या.

मी मूळची वसईची, वय २६, धर्मभगिनी आहे. नर्सिंग झालं, प्रथम व्रतं झाली आणि संस्थेने मला पापुआ न्यू गिनीला पाठवलं. (संस्थेचं नाव लिहीत नाही, समजून घ्या.) पहिलं दीड वर्ष माउंट हागेनला होते. डोंगराळ भाग, हवा थंड, रात्री ब्लँकेट लागायचं. घरात आम्ही पाच जणी, त्यातल्या दोघी केरळच्या, त्यामुळे रोज मोहरी तडतडल्याचा आवाज तरी कानावर पडायचा. चार महिन्यांपूर्वी माझी बदली लाएला झाली. इथे घरात आम्ही दोघीच.

लाए हे देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर, मोठं बंदर. हागेनहून तोच एक हायवे डोंगर उतरत इथे येतो, पण खाली उतरल्यावर देशच बदलल्यासारखं वाटलं. दमट हवा, डास, दवाखान्यात रोज मलेरियाचे पेशंट. वसईचा पाऊस चार महिने झोडपतो आणि जातो. इथे तो बारा महिने आहे, वर्षाला साडेचार मीटरच्या आसपास. कपडे वाळत नाहीत. घराला उंच कुंपण, वर काटेरी तार. अंधार पडल्यावर कोणी पायी फिरत नाही आणि आम्हाला एकटीने बाहेर जायची परवानगी नाही. बाजार, दवाखाना, चर्चमधली मिस्सा, सगळीकडे दोघींनी बरोबर जायचं. हा भाग मुख्यतः लुथरन, म्हणजे प्रोटेस्टंट लोकांचा आहे आणि आम्ही कॅथलिक, त्यामुळे हागेनसारखी रविवारी अंगणापर्यंत भरलेली चर्चही नाही.

माझ्या सोबतीण सिस्टर इंडोनेशियाच्या फ्लोरेस बेटावरच्या. वय ५८, या देशात २२ वर्षं झाली. त्या वाईट नाहीत, हे आधीच सांगते. ताप उतरेना अशा बाळाजवळ त्या रात्रभर बसलेल्या मी पाहिल्या आहेत. पण माझ्याशी कामापलीकडे बोलत नाहीत. जेवताना मौन, नंतर त्या त्यांच्या खोलीत.

एक प्रसंग सांगते. तिसऱ्या आठवड्यात बाजारात मी एका बाईकडे भाजीचा भाव कमी करून मागितला. आपल्याकडची सवय. इथे लोक वाटे मांडून बसतात, वाट्याची किंमत ठरलेली, घासाघीस कोणी करत नाही. मला ते खरंच माहीत नव्हतं, हागेनला बाजार दुसऱ्या सिस्टर करायच्या. घरी आल्यावर सिस्टर एवढंच म्हणाल्या, ‘मिपेला इ नो सावे मेकिम ओलसेम.’ आम्ही असं करत नाही.

चूक माझीच होती. पण तो ‘मिपेला’ मला लागला. इथल्या टोक पिसिन भाषेत मराठीसारखाच फरक आहे: ‘युमी’ म्हणजे आपण, ‘मिपेला’ म्हणजे आम्ही. दोघींपुरता वेगळा शब्दसुद्धा आहे, ‘युमितुपेला’, आपण दोघी. शिकताना मला याचा इतका आनंद झाला होता! आता तोच शब्द रोज ऐकते. मिपेला भात असा शिजवतो. मिपेला औषधं या कपाटात ठेवतो. त्यांच्या इंडोनेशियन भाषेतही ‘किता’ आणि ‘कामी’ असा हाच फरक आहे, म्हणजे हे चुकून होत नाहीये. चार महिने मी या घरात राहते आहे आणि ‘आपण’ मध्ये अजून आलेले नाही.

इथे ‘वान्टोक’ म्हणजे आपली भाषा बोलणारा माणूस. अडीअडचणीला वान्टोक धावून येतो. लाएमध्ये मला असं कोणी नाही. घरी फोन करावा तर इथलं घड्याळ भारताच्या साडेचार तास पुढे. आई वाडीतलं आवरून मोकळी होते तेव्हा इथे मध्यरात्र उलटलेली असते.

मी त्यांच्याशी सरळ बोलू का? सुपिरियरना सांगू का? की गप्प राहून वाट बघू? रोज प्रार्थनेत हेच घेऊन बसते. ज्यांनी परदेशात दुसऱ्या देशाच्या माणसाबरोबर एका घरात दिवस काढले आहेत, त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद १

सुपिरियरना सांगा. तक्रार म्हणून नको, पण त्यांना कळू द्या. नुसतं सोसत राहण्याचं व्रत तुम्ही घेतलेलं नाही. सव्वीस वर्षांची मुलगी चार महिने कोणाशी मोकळं बोलली नाही, हे वरिष्ठांना माहीत असायलाच हवं.

प्रतिसाद २

मी सहा वर्षं जकार्ताला नोकरी केली. ‘कामी’बद्दल थोडं सांगतो. ऑफिसच्या किंवा संस्थेच्या वतीने बोलताना तिथली माणसं सवयीने कामी म्हणतात, तो अधिकृत सूर असतो. सिस्टर घराचा नियम सांगताना तोच सूर लावत असतील. आणि एक करून बघा. त्यांच्या भाषेतले थोडे शब्द शिका. स्वर्गाला सुर्गा, नरकाला नराका, उपवासाला पुआसा, पापाला दोसा. हे संस्कृतातून गेलेले शब्द आहेत, तुम्हाला पाठ करावे लागणार नाहीत. शिवाय फ्लोरेस आणि वसई, दोन्हीकडे ख्रिस्ती धर्म पोर्तुगीजांबरोबर आला. लारांतुका गावच्या गुड फ्रायडेच्या मिरवणुकीबद्दल त्यांना विचारा. फ्लोरेसचा माणूस त्यावर गप्प बसलेला मी पाहिला नाही.

प्रतिसाद ३

सिस्टर, मी आगाशीची, वय ६७. तुमचं लिखाण दोनदा वाचलं. मला एकच विचारायचं आहे. घरात तुम्ही दोघीच, मग त्यांच्या ‘आम्ही’ मध्ये दुसरं कोण आहे? माझे मालक गेले त्यानंतर दोन वर्षं मी सुनेला सांगायचे, आमच्याकडे असं करतात, तसं करतात. तिला वाटायचं मी तिला परकी धरते. अगो, मला ‘मी’ म्हणता येत नव्हतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आजींचा प्रतिसाद वाचून रात्री झोप लागली नाही.

रविवारी भाजी निवडताना विचारलं, ‘मिपेला, हुसात?’ आम्ही म्हणजे कोण? त्या बराच वेळ निवडतच राहिल्या. मग सांगितलं. माझ्याआधीच्या सिस्टर त्यांच्याबरोबर या घरात ११ वर्षं होत्या. गेल्या वर्षी आजारी पडून मायदेशी परतल्या आणि तिथेच वारल्या. यांना मातीला जाता आलं नाही. आणि ज्या बाईशी मी भावावरून बोलले, ती त्या आजारपणात रोज कुलाऊ, म्हणजे शहाळं, आणून द्यायची आणि पैसे घ्यायची नाही.

मी दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन त्या बाईची माफी मागितली. सिस्टर शेजारी उभ्या होत्या. तिने माझा हात धरला आणि बुआई पुढे केली. बुआई म्हणजे सुपारी. इथे ती चुना आणि ‘डाका’ लावून चघळतात. डाका म्हणजे पानवेलीचं कणीस. आमच्या वाडीतल्या पानमळ्याची तीच वेल, पाहून डोळ्यांत पाणी आलं.

सिस्टर अजून ‘युमी’ म्हणालेल्या नाहीत. पण परवा लारांतुकाबद्दल विचारलं तर जेवणाची ताटं वाळेपर्यंत बोलत होत्या. सुपिरियरनाही पत्र लिहिलं आहे, ते दोघींनी मिळून वाचून पाठवलं.

आता आगाशीच्या आजींना एक विचारायचं आहे. मारखम खोऱ्यातली केळी इथे भरपूर येतात. मी सुकेळ्यांबद्दल सांगितलं तर सिस्टर म्हणाल्या, करून बघ. आमच्याकडे सोलून आठवडाभर कडक उन्हात ठेवायचे, एवढं आठवतं. इथे सलग दोन दिवस ऊन मिळत नाही. चुलीच्या वर टांगून किंवा ओव्हनच्या मंद आचेवर जमेल का? आणि राजेळी नसेल तर कसं केळं निवडू?