खेळाचा तास खरंच होतो का? प्राथमिकच्या शिक्षकांचे अनुभव

वेळापत्रकात 'शा. शि.' (शारीरिक शिक्षण) अशी दोन अक्षरं असतात आणि त्यांच्या नशिबी गणिताची राहिलेली उदाहरणं. पाहुणे येणार असले, ऑनलाइन माहिती भरायची राहिली, चाचणी जवळ आली, की पहिला बळी याच तासाचा. त्यात पहिली ते पाचवीला बहुतेक ठिकाणी या विषयाचा वेगळा माणूस नसतो. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत मैदान हवं, खेळाचं साहित्य हवं असं म्हटलंय. पण शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक सहावी ते आठवीला, तोही पट शंभराच्या वर असला तरच. म्हणजे खालच्या वर्गांना भाषेच्या बाईच शिट्टी वाजवणार.

मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत आहे, तिसरी-चौथी माझ्याकडे. तास बुडतो याचं वाईट वाटतंच, पण तो 'झाला' तरी काय होतं हे बघितलंत का कधी? एक जण पळतो, पाच जण टाळ्या वाजवतात आणि उरलेली पोरं रांगेत एकमेकांच्या शर्टाची टोकं ओढत उभी. म्हणून सगळ्यांना एकच प्रश्न टाकलाय: तुमच्या तासाला एक पोर प्रत्यक्ष किती वेळ हलतं? आदर्श पाठ टाचणात आहेतच, ते नकोत. मैदानावर काय चालतं ते सांगा.

पहिली-दुसरीच्या बाई

सहा वर्षांच्या पोराकडे चेंडू टाकून बघा. डोळे घट्ट मिटतं, मान बाजूला, दोन्ही हात छातीशी. चेंडू छातीवर आपटून खाली. त्याला "नीट पकड रे" म्हणून काही उपयोग नाही, कारण त्याला चेंडूचं भ्या वाटतंय. मी फुग्यापासून सुरुवात करते. फुगा सावकाश येतो, नजरेला त्याच्या मागे जायला सवड मिळते आणि तोंडावर बसला तरी लागत नाही. फुगा जमला की जुन्या मोज्यात चिंध्या कोंबून केलेला चेंडू, त्यानंतर रबरी.

फेकण्याचंही तसंच. उजव्या हाताने फेकणारं लहान मूल बहुतेक वेळा उजवाच पाय पुढे टाकतं. मग कंबर वळत नाही, खांदा मागे जात नाही, नुसत्या कोपरातून ढकलल्यासारखा चेंडू चार पावलांवर पडतो. मी फरशीवर खडूने डाव्या पायाचा ठसा काढते. "फेकताना या ठशावर पाय पडला पाहिजे," एवढंच सांगायचं, बाकी काही नाही. डावखुऱ्यांना उजवा ठसा. ज्या पोराचा चेंडू भिंतीपर्यंत जात नव्हता त्याचा भिंतीवर आदळून परत येतो आणि मग ते पोर तासभर थांबत नाही.

आणि संगीत खुर्ची मी बंद केलीय. पहिल्या फेरीत बाद कोण होतं? जे जाड आहे, हळू आहे, बावचळलेलं आहे ते. म्हणजे ज्याला पळायची सगळ्यात जास्त गरज तेच कडेला बसून बाकीच्यांचं बघणार. आपले जुने खेळ या बाबतीत फार शहाणे आहेत. साखळीत पकडला गेलेला बाहेर जात नाही, साखळीत जातो. विषामृतात 'विष' मिळालेल्याला कुणीतरी हात लावून 'अमृत' देतंच. सगळा वर्ग शेवटपर्यंत खेळात. दुसरीकडून आणलेल्या खेळांना हेच ठिगळ लावा: बाद झालेल्याने पाच बेडूकउड्या मारायच्या आणि परत आत यायचं.

बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) झालेले सर, अनुदानित शाळा

माझ्याकडे पहिली ते सातवी. वर्गात साठ पोरं, तास पस्तीस मिनिटांचा. जिन्यावरून रांगेने उतरवा, चपला-बूट, पाणी, परत रांग. हातात उरतात वीस-बावीस मिनिटं. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वयाच्या मुलांना रोज सरासरी साठ मिनिटं दमवणारी हालचाल हवी म्हणते. आठवड्याला दोन तासांत ती भरून काढायची गोष्ट सोडा, निदान मिळालेली वीस मिनिटं तरी वाया जाऊ नयेत.

वर्षाच्या सुरुवातीला गट पाडून टाकतो आणि ते दिवाळीपर्यंत बदलत नाही. प्रत्येक गटाचा एक नायक, प्रत्येक गटाची एक पिशवी: दोरी, दोन चेंडू, चार रिंगा. मैदानाचे चार कोपरे. एका कोपऱ्यात दोरीवरच्या उड्या, दुसऱ्यात चेंडूने नेमबाजी, तिसऱ्यात तोल सांभाळत रेषेवरून चालणं, चौथ्यात शटल रन (दोन रेषांमध्ये पळत ये-जा). शिट्टी झाली की पुढचा कोपरा. मी मध्ये उभा. सुरुवातीला गोंधळ होतो, बघणाऱ्याला वाटतं सरांचा वर्ग हाताबाहेर गेला. जाऊ दे. शांत उभा असलेला वर्ग म्हणजे खेळाचा तास नव्हे.

खो-खोबद्दल सांगायलाच हवं. नियमाचं मैदान २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद. आठ बसलेले, एक पाठलाग करणारा, तीन पळणारे. साठातले बारा खेळले आणि अठ्ठेचाळीस ओरडले, याला मी शिकवणं म्हणत नाही. तिसरी-चौथीला मी फक्कीने चार छोटी मैदानं शेजारी-शेजारी आखतो, प्रत्येकी पाचच चौकोन. खांबाऐवजी वाळू भरलेले डबे. (खांब रोवलेच तर टोक घासून गुळगुळीत करा.) त्या वयाची पोरं बसतात ती अगदी पंगतीला बसल्यासारखी, टाचा टेकवून, 'खो' मिळाला की आधी हात टेकतात, मग उठतात, तोवर पळणारा पसार. एक पाय पुढे, मागच्याची टाच वर, वजन चवड्यावर. ही बैठक एकटी शिकवली तरी खेळ निम्मा सुधारतो. दुसरं म्हणजे 'खो' पाठीमागूनच, हात लावून आणि तोंडाने, दोन्ही एका वेळी. नुसतं ओरडणारे आणि नुसतं थापटणारे असे दोन पक्ष प्रत्येक वर्गात असतात.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ जिंकले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोघेही कर्णधार महाराष्ट्राचे. तेव्हापासून पालकसभेत "खो-खो खेळून काय मिळणार, सर?" हा प्रश्न कमी झालाय. बंद नाही झालेला.

निवृत्त गुरुजी

सगळे रांगेला नावं ठेवताहेत म्हणून कवायतीच्या बाजूने दोन शब्द. शनिवारची सकाळची शाळा, ढोलाचा ठेका आणि पटांगणभर पोरं एका तालात, याची मजा ज्याने बघितली नाही त्याने बोलू नये. कवायतीत प्रत्येक पोर हलतं, एकही बसून राहत नाही. मग तुमच्या प्रश्नाला याहून सरळ उत्तर कोणतं?

शिकवण्यातली खाच मात्र आहे. कदमताल करताना काही पोरांचा उजव्या पायाबरोबर उजवाच हात पुढे जातो. लाकडी बाहुलीसारखं चालतं बिचारं आणि सगळे हसतात. हात धरून हलवायला गेलात तर आणखी बिघडतं. मी त्याला कडेला घ्यायचो आणि गप्पा मारत नुसता फेरफटका. "काल घरी कोण आलं होतं? अभ्यास झाला का?" बोलता बोलता हात आपोआप उलटे पडायला लागतात, कारण चालताना ते तसेच पडतात, बिघडतात ते 'सावधान' ऐकल्यावर. मग हळूच टाळीचा ठेका धरायचा आणि त्याच चालीत त्याला रांगेत सोडायचं. लेझीमही आधी रिकाम्या हाताने. पाय बसले की मग लेझीम हातात. पहिल्याच दिवशी लेझीम दिली की पोराचं सगळं लक्ष आवाजाकडे.

समावेशित शिक्षणाचं काम करणारी विशेष शिक्षिका

मी शाळाशाळांतून फिरते. बहुतेक ठिकाणी खेळाच्या तासाला माझी मुलं दप्तरं राखतात. 'तू इथेच बस हं बाळा' हे इतक्या प्रेमाने सांगितलं जातं की रागही धड येत नाही.

न दिसणाऱ्या मुलीसाठी आवाजाचा चेंडू लागतो. तो नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत चेंडू घालून गाठ मारा, घरंगळताना खरखर वाजतो. पळण्यासाठी एक जाडसर दोरीचा तुकडा: एक टोक तिच्या हातात, दुसरं मैत्रिणीच्या. दंड धरून ओढत न्यायचं नाही, वेग तिने ठरवायचा. व्हीलचेअरवरच्या मुलाला कायम पंच करू नका. नेमबाजी त्याला इतरांइतकीच जमते, रुमालपाणीत त्याच्यासाठी अंतर कमी करा आणि मुलांनाच विचारा किती कमी करायचं. मुलं या बाबतीत आपल्यापेक्षा न्यायी असतात, फुकटची सवलतही देत नाहीत.

एक बाई, पाचवी

पावसाळ्यात काय करता ते कुणीच लिहिलं नाही. आमचं मैदान जून ते सप्टेंबर चिखल. बाकं भिंतीला लावायची आणि वर्गातच: 'शिवाजी म्हणतो', पुतळा, जागच्या जागी धावणं, योगासनांतलं वृक्षासन कोण जास्त वेळ. बस. शेजारच्या वर्गाची तक्रार येतेच, ती ऐकून घ्यायची.

फिटनेसच्या चाचण्या घेतलेले शिक्षक

खेलो इंडियाच्या चाचण्यांत पाच ते आठ वयाला तीनच गोष्टी आहेत: उंची-वजनावरून बीएमआय, फ्लेमिंगो बॅलन्स आणि प्लेट टॅपिंग. फ्लेमिंगो म्हणजे एका पायावर साठ सेकंद, तोल किती वेळा गेला ते मोजायचं. प्लेट टॅपिंगमध्ये दोन चकत्यांना आलटून पालटून हात लावायचा, पंचवीस फेऱ्यांना किती वेळ लागतो ते बघायचं. नऊच्या पुढे ५० मीटर आणि ६०० मीटर धावणं, सिट अँड रीच (बसून पुढे वाकणं) वगैरे. पोरांना फ्लेमिंगो फार आवडतं, घरी जाऊन आजीलाही उभं करतात.

माझं म्हणणं वजनाबद्दल आहे. वर्गासमोर काट्यावर उभं करून आकडा मोठ्याने वाचू नका. एकेकाला कार्यालयात बोलवा, आकडा वहीत लिहा आणि पुढच्याला हाक मारा. 'ढोल्या' हे नाव त्या एका मिनिटात चिकटतं आणि सातवीपर्यंत निघत नाही.

केंद्रशाळेतले एक सर

केंद्रातल्या शाळांच्या स्पर्धा आल्या की सराव कुणाचा? त्याच आठ-दहा पोरांचा. एका वर्षी वरून फर्मान आलं, 'चषक आलाच पाहिजे', आणि दोन महिने बाकीच्या वर्गाने नुसतं मैदान झाडलं. कोणाचं फर्मान ते विचारू नका. आता मी लंगडीची आंतरवर्ग स्पर्धा ठेवतो, नियम एकच: वर्गातला प्रत्येक जण आत आला पाहिजे. धावफलक बघायला पोरं जेवायची सुट्टी सोडून येतात.

पुन्हा मी

दोघांनी दुखापतीचं विचारलंय म्हणून पटकन. नाकातून रक्त आलं तर मान मागे टाकू देऊ नका, रक्त घशात उतरतं. पुढे वाकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरायचा, तोंडाने श्वास. मुरगळलं तर चोळायचं नाही, बर्फ फडक्यात गुंडाळून लावायचा आणि पाय उंच. डोक्यावर पडलेलं पोर 'बरं वाटतंय' म्हणालं तरी त्या दिवशी पुन्हा खेळवायचं नाही, घरी फोन करायचाच. उलटी झाली किंवा गुंगी आली तर थेट दवाखाना.

आणि आकारिक (वर्षभर बघून करायच्या) नोंदींचं. या विषयाला लेखी परीक्षा नाही, सगळं मूल्यमापन आकारिक, त्यामुळे 'खेळात आवडीने भाग घेतो' हे वाक्य राज्यभर पहिल्यापासून शेवटच्या हजेरी क्रमांकापर्यंत उतरतं. मी आता बघितलेलं लिहिते: 'डाव्या पायावर लंगडी घालताना तोल जातो, उजव्यावर नाही.' 'दोरी पुढून जमते, मागून नाही.' पुढच्या इयत्तेच्या बाईंना यावरून कुठून सुरुवात करायची ते कळतं. तुमच्या नोंदींतली अशी वाक्यं इथे लिहा, मला उतरवून घ्यायची आहेत.