2019 लोकसभा: वंचितने 'मतं खाल्ली' हे मोजायचं कसं?

गोदाकाठ: नांदेडला काँग्रेसचे अशोक चव्हाण 40,148 मतांनी पडले, वंचित बहुजन आघाडीच्या (वंचितच्या) उमेदवाराला 1,66,196 मतं. सोलापुरात काँग्रेसचेच सुशीलकुमार शिंदे 1,58,608 मतांनी पडले, वंचितचे नेते प्रकाश आंबेडकरांना 1,70,007. एवढ्यावर 'वंचितमुळे पडले' म्हणता येतं का? आणि पदरात पडतील तेवढ्या जागा घेऊन वंचितने काँग्रेस-राष्ट्रवादीच्या आघाडीत जायला हवं होतं का?

निव्वळमत: वंचितची सगळी मतं काँग्रेसच्या खात्यात टाकली जातात, गफलत तिथेच होते. उमेदवार नसता तर त्याच्या मतदारापुढे काँग्रेस आणि भाजप होतेच, पण घरी बसणं हाही पर्याय होता. समजा नांदेडात 40 टक्के घरी बसले. उरले 99,718. त्यांतले 70 टक्के काँग्रेसकडे आणि 30 टक्के भाजपकडे गेले, तर निव्वळ फायदा 39,887. म्हणजे चव्हाण तरीही 261 मतांनी पडतात! घरी बसणारे जरा कमी धरले की निकाल फिरतो, त्यामुळे नांदेडवर वाद घालायला जागा आहे. सोलापूरवर नाही. तिथे एकही मतदार घरी न बसता शंभरातल्या जवळपास 97 जणांनी शिंदेंनाच मत द्यायला हवं होतं. इतकी एकगठ्ठा मतं कुणी कुणाकडे वळवू शकत नाही.

फॉर्म२०: अंदाज बांधण्याआधी फॉर्म 20 मधले (निवडणूक आयोगाच्या अंतिम निकालपत्रातले) मतदान केंद्रनिहाय आकडे काढा, 2014 शी ताडून बघा. केंद्रांचे क्रमांक बदलतात, म्हणून जुळवणी शाळेच्या, गावाच्या नावावरून करा. वंचितची मतं वाढलेल्या केंद्रांवर एकूण मतदानही वाढलं असेल, तर ती सगळी काँग्रेसची फुटलेली मतं नव्हेत.

माणदेशी: आघाडीचं म्हणाल तर राज्य पक्षाच्या मान्यतेचे निकष बघा (ही मान्यता मिळाली की पक्षाला राज्यात स्वतःचं राखीव चिन्ह मिळतं). लोकसभेला राज्यात 8 टक्के मतं, किंवा 6 टक्के आणि एक खासदार. वंचितला 2019 ला जवळपास 7 टक्के मिळाले, खासदार शून्य. औरंगाबादला इम्तियाज जलील निवडून आले, पण ते वंचितचा तेव्हाचा मित्रपक्ष एमआयएमच्या खात्यात. टक्केवारी अख्ख्या राज्यातल्या मतांवर काढतात, त्यामुळे चार-पाच जागा लढवून 6 टक्के गाठणं जवळपास अशक्यच. अशा पक्षाला बाकीच्या जागा सोडायला सांगणं म्हणजे मान्यतेचा तो रस्ताच सोडायला सांगणं. मात्र दर 25 जागांमागे एक खासदार हाही निकष आहे, 48 जागांना दोन पुरतात. म्हणून माझ्या मते बोलणी आकड्यावर नको होती, निवडून येण्याजोग्या दोन जागांवर हवी होती. अशा जागा मोठे पक्ष सोडत नाहीत, आणि तडजोड तिथेच अडते. 2024 लाही बोलणी फिसकटली. कोल्हापूर, नागपुरात वंचितने काँग्रेसला पाठिंबा दिला, पण अकोल्यात दोघेही लढले. भाजप 40,626 मतांनी जिंकला, काँग्रेस दुसरी, आणि तिसऱ्या क्रमांकावरच्या आंबेडकरांना पावणेतीन लाखांहून जास्त मतं.