बर्मी 'मोठा स': वर्ण म्हणायचं की जोडाक्षर?

बर्मीत गेलेल्या संस्कृत-पाली शब्दांची यादी करतोय, 'प्रश्न'पाशी अडलो. बर्मीत हा शब्द रोजच्या बोलण्यातला आहे. उच्चार साधारण 'प्याथना', त्यातला 'थ' जीभ दातांना लावून म्हणायचा. अर्थ फक्त अडचण, म्हणजे आपण 'पाण्याचा प्रश्न' म्हणतो त्यातला प्रश्न. विचारायच्या प्रश्नाला तिथे वेगळा शब्द आहे. लिहिताना मधे एक अक्षर येतं, दोन 'स' शेजारी शेजारी चिकटल्यासारखं. तिथले लोक त्याला 'मोठा स' म्हणतात.
माझ्याकडे दोन फाइली आहेत. आपापल्या फाँटात दोन्हींतला शब्द हुबेहूब सारखा दिसतो, पण शोधला की एकीतलाच सापडतो. असं का? आणि या अक्षराला मराठीत काय म्हणावं?

---

आधी त्या अक्षराची हकिकत सांगतो. युनिकोड म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला ठराविक क्रमांक (संकेत) देणारी पद्धत. १९९९ साली तिच्या ३.० आवृत्तीत बर्मी लिपी आली, तेव्हा 'मोठा स'ला स्वतःचा क्रमांक नव्हता. स, विराम (अक्षरं जोडणारी, आपल्या हलन्तासारखी खूण), स असे तीन संकेत लिहायचे आणि फाँटाने ते अक्षर उमटवायचं. बर्मीतली बाकीची जोडाक्षरं एकाखाली एक रचतात, उदाहरणार्थ विद्यापीठासाठीच्या शब्दातला 'क्क' (तो शब्द 'तक्कसिला'वरून, म्हणजे आपल्या तक्षशिलेवरून आलाय). 'मोठा स' तसा उतरंडीचा नाही. एप्रिल २००८ मध्ये ५.१ आवृत्तीत त्याला १०३एफ हा क्रमांक मिळाला. तेव्हापासून स-विराम-स म्हणजे खाली रचलेला 'स्स', आणि १०३एफ म्हणजे मोठा स. युनिकोड या दोन्हींना समान मानत नाही, त्यामुळे शोधात ते एकमेकांना ओळखत नाहीत.
तुमच्या न सापडणाऱ्या शब्दाचे संकेत काढून इथे द्याल का?

---

काढले. सापडतो तो: १०१५, १०३सी, १०३एफ, १०१४, १०२सी.
न सापडणारा: १०३बी, १०१५, १०८६, १०१४, १०२सी.

---

मग दुसरी फाइल जुन्या युनिकोडमधली नाही, झॉजीतली आहे. झॉजी फाँटाने युनिकोडचेच क्रमांक घेतले, पण अर्थ आपल्या सोयीने लावले. मोठा स १०८६ वर बसवला. युनिकोडमध्ये ती म्यानमारमधल्याच शान भाषेची एक स्वरखूण आहे. शान लिहिणाऱ्यांची जागा अशी परस्पर दुसऱ्याला गेली, याचं मला आजही वाईट वाटतं.
पण नुसतं १०८६ च्या जागी १०३एफ घालून भागणार नाही. सुरुवातीला बघा. 'प्र'मधली 'र'ची खूण 'प'ला डावीकडून वेढते, म्हणून झॉजीत ती आधी टाइप करतात. युनिकोडमध्ये 'प' आधी, खूण नंतर. शिवाय झॉजीतला १०३बी म्हणजे युनिकोडमध्ये जोड-'य'. (उच्चारात आज 'प्र'चा 'प्य'च होतो, लिखाणात मात्र 'र' टिकून आहे.) अख्खी फाइल झॉजीचं युनिकोड करणाऱ्या परिवर्तकातून काढा आणि नंतर डोळ्यांनी तपासा. म्यानमारने १ ऑक्टोबर २०१९ पासून अधिकृतपणे युनिकोड स्वीकारलं, पण त्याआधीचा केवढा तरी मजकूर अजून असाच पडून आहे.

---

नावाबद्दल माझं मत. बर्मी मुळाक्षरांत ३३ व्यंजनं मोजतात, त्यांत मोठा स नाही. तरी युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र क्रमांक. आपल्याकडे नेमकं उलट आहे: क्ष आणि ज्ञ आपण तक्त्यावर मुळाक्षरांबरोबर शिकतो, पण युनिकोडमध्ये ती क-विराम-ष आणि ज-विराम-ञ अशीच लिहिली जातात. तेव्हा क्रमांक आहे म्हणून वर्ण, असं म्हणू नये. ध्वनी दोन, आकृती एक, म्हणून मी 'जोडाक्षर'च म्हणेन.
आणि शोधाचं म्हणाल तर आपला 'ॲ' याच ५.१ आवृत्तीत आला. त्याआधी 'अ'वर चंद्र देऊन काम भागवायचे, आणि ती दोन रूपंही युनिकोडच्या लेखी समान नाहीत. जुन्या लेखात 'ॲसिड' शोधून पाहा, निम्मे निसटतात. याउलट 'दऱ्या'तला ऱ हा 'र'खाली नुक्ता देऊन लिहिला तरी समान धरला जातो. ॲ लिहिताना एकच संकेत वापरावा, कोशाचं काम करणाऱ्यांनी तर हटकून.

---

पटलं, जोडाक्षरच लिहितो. एक शंका उरली. पालीत 'प्रश्न'चं 'पञ्ह' होतं, मग बर्मी शब्द पालीतून आलेला नाही ना?

---

नाही, 'प्र' टिकलाय म्हणजे संस्कृत रूपावरूनच. खास पालीतला मोठा स हवा असेल तर 'मनुस्स' घ्या. संस्कृत 'मनुष्य', त्यातल्या 'ष्य'चा पालीत 'स्स' झाला आणि बर्मीत तो मोठ्या 'स'नेच लिहितात. महाराष्ट्री प्राकृतातही 'मणुस्स'च. यादीत 'प्रश्न' आणि 'मनुस्स' शेजारी शेजारी ठेवा.