कळलावी वाळली, पण मेलेली नाही

दिवाळीनंतर कळलावीची वेल पिवळी पडून वाळली, तेव्हा ती उपटून टाकावी का, असा प्रश्न विचारला गेला आहे. कृपया उपटू नये. सह्याद्रीत पावसाळ्यात कुंपणांवर चढणारी ही वेल फुलून झाल्यावर जमिनीवरचा सारा पसारा टाकून देते आणि पुढच्या पावसापर्यंत कंदाच्या रूपाने निजून राहते. या काळात पाणी जवळजवळ बंदच ठेवावे, कारण माझ्या कुंडीतला पहिला कंद मी जानेवारीत मायेने पाणी घालूनच कुजवला होता.

कुंडी बदलायची असल्यास मे महिन्यात बदलावी. कंद नांगराच्या फाळासारखा वाकडा असतो (तिचे संस्कृत नाव ‘लांगली’ त्यावरूनच आले आहे), त्याचा कोंब फक्त टोकाला असतो आणि ते टोक खडूसारखे सहज मोडते. मोडले की तो तुकडा उगवत नाही. म्हणून भुसभुशीत, निचऱ्याच्या मातीत दोन-तीन इंच खोल तो आडवा ठेवावा. आधाराला जाड खांब नको, बारीक काटक्या किंवा जाळी हवी, कारण ही वेल पानांच्या टोकांना असलेल्या ताण्यांनी धरून चढते.

कळलावीचे सर्व भाग, विशेषतः कंद, अत्यंत विषारी असतात, त्यामुळे लहान मुले किंवा गुरे असलेल्या घरी मी ती लावण्याचा सल्ला देणार नाही.