संकटकाळचे गाऱ्हाणे: आपापल्या गावची रीत सांगा

गोव्यात संकटात गाऱ्हाणे घालून देवाकडे राखण कशी मागायची, साहित्य काय लागते, चुकते कुठे, हे ज्यांच्या हाताखालून गेले आहे त्यांनी गावाच्या नावानिशी लिहावे. 'एक नारळ ठेवला' एवढ्यावर पुढच्यांना काहीच करता येणार नाही.

पेडणे
नारळ सोलताना शेंडी राखावी. कानाशी हलवून पाणी वाजते का ते बघावे. वाजले नाही तर आतून खराब निघण्याचा संभव जास्त. विड्याची दोन पाने, सुपारी, गंध, फुले, वात. गाऱ्हाणे घालणारा एकच जाणता, बाकीच्यांनी प्रत्येक वाक्यानंतर 'व्हय म्हाराजा' म्हणायचे. आधी ग्रामदेवता, मग कुलदेव, मग त्या जागेचा राखणदार देव, अशी हाक. पुढे कोण, कुठला, कशाची भीती आणि शेवटी आंगवण, म्हणजे नवस.

बहुतेक गाऱ्हाणी फसतात ती मोघमपणाने. 'सगळ्यांना सुखी ठेव' हे रोजचे मागणे झाले. संकटात माणसाचे नाव, वाट, दिवस सगळे स्पष्ट बोलावे. आंगवण त्याच दिवशी लिहून ठेवावी. संकट टळले की पाच नारळ बोललो होतो की एक, यावर घरात वाद होतात आणि ती फेडायची राहून जाते.

फोंडा
निर्णय अडला की प्रसाद, म्हणजे देवाचा कौल, घेतात. ओल्या पाकळ्या मूर्तीला दोन्ही अंगांना लावतात. बहुतेक ठिकाणी उजवी आधी पडली तर होकार. देवळागणिक रीत बदलते, म्हणून पुजाऱ्याला आधीच विचारून घ्यावे. प्रश्न एकच हवा, हो-नाहीत उत्तर येणारा. 'ऑपरेशन करू का आणि कुठे करू' हे दोन प्रश्न झाले. पंखा बंद असावा. पाकळी सुकत येते तशी सुटते, त्यामुळे वेळ लागतो; थांबावे. मनासारखे आले नाही म्हणून लगेच पुन्हा लावायला सांगणे मला पटत नाही.

जाता जाता, वाघाला घाबरलेल्या पार्वतीने 'त्राहि मां गिरीश' अशी हाक मारली, त्यातल्या 'मां गिरीश'वरून मंगेश हे नाव आले, असे मंगेशीच्या देवळाची कथा सांगते. घाबरून मारलेली हाकच देवाचे नाव झाली!

म्हापसा
इथला राखणदार बोडगेश्वर शहराबाहेर शेतात उभा आहे, हातात दांडा घेऊन. राखणदार रात्री शीव फिरतो म्हणून त्याला वहाणा वाहतात. इतर राखणदारांच्या जागी रोट (जाड भाकरी), काही ठिकाणी सोरो म्हणजे दारूही ठेवतात. पण तिथली रीत माहीत नसताना सोरो नेऊ नये. काजूच्या बागेत वात लावायची तर आधी पालापाचोळा झाडून काढावा आणि वात विझेपर्यंत हलू नये. मार्च-एप्रिलमध्ये एक ठिणगी पुरते.

वास्को
प्लेगच्या साथीत गावाने जांबावलीच्या दामोदराला साकडे घातले, तिथून भजनी सप्ताह सुरू झाला. नाव सप्ताह असले तरी भजन चोवीस तासांचे, श्रावणात. खंड पडू नये म्हणून पाळ्या लावतात. पुढची मंडळी बसल्याशिवाय आधीच्यांनी उठायचे नाही.

बेतूल
यांत्रिक होड्यांना 1 जून ते 31 जुलै मासेमारीची बंदी. नारळी पौर्णिमेला नारळ अखंड, फोडायचा नाही. होडीच्या नाळेवरून, म्हणजे पुढच्या टोकावरून, पाण्यात अलगद सोडायचा. फेकणे हा अपमान. नारळ सोडला म्हणून नदीच्या मुखावरचा वाळूचा पट्टा हटत नाही: भरती बघूनच बाहेर पडावे, लाइफ जॅकेट अंगात असावे, तटरक्षक दलाचा 1554 क्रमांक होडीत लिहिलेला असावा.

सत्तरी
साप चावला तर गाऱ्हाणे दवाखान्याच्या वाटेत घालावे. आधी 108, रुग्णवाहिका. चावलेला पाय फळीला बांधून स्थिर ठेवायचा, दोरी आवळायची नाही, चिरायचे नाही, माणसाला चालवायचे नाही. अंगठी, पैंजण काढून ठेवावे, सूज चढते. घरी राहणाऱ्याने समई लावून नारळ ठेवावा.